स्थितप्रज्ञाचे ग्रंथ आणि संग्राहकाचा मोह

ग्रंथसंग्रहाचा छंद जुना आहे आणि जगभर आहे. युरोप-अमेरिकेतील हौशी संग्राहक ज्या ग्रंथांमागे विशेष धावतात, त्यांत प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांच्या जुन्या आवृत्त्यांचा समावेश होतो. वासराच्या मऊ चामड्याची बांधणी, कण्यावर सोनेरी ठसे, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस ढगाळ नक्षीचा अबरी कागद, आणि आत मजकूर काय, तर बाह्य वस्तूंचा लोभ धरू नये हा ! या विसंगतीचे कोणालाही हसू येईल. परंतु थोडा विचार केला, तर हा प्रश्न केवळ परक्यांचा नाही, आपलाही आहे, असे ध्यानात येईल. सुखदुःखे समान मानणाऱ्या पुरुषाचे वर्णन करणारे ग्रंथ आपल्याकडेही आहेत. त्यांच्याही जुन्या आवृत्त्या आहेत, आणि त्यांतील काही अत्यंत महत्त्वाच्या ग्रंथांचा संबंध थेट आपल्या वर्धा जिल्ह्याशी पोहोचतो. असे ग्रंथ कसे ओळखावेत, का जपावेत आणि जपताना मन कोठे घसरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्टोइक कोण व त्यांचे ग्रंथ कसे वाचले ?

इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या सुमारास झीनो नावाचा सायप्रसहून आलेला गृहस्थ अथेन्स शहरात एका चित्रांकित ओसरीवर बसून शिकवू लागला. ग्रीक भाषेत अशा ओसरीला ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून त्याच्या अनुयायांना स्टोइक हे नाव पडले. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही याचा विवेक करावा, जे हाती नाही त्याविषयी मन शांत ठेवावे व जे हाती आहे ते कर्तव्य म्हणून नीट करावे, हे त्यांच्या शिकवणीचे सार. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे ज्याने वाचली आहेत, त्याला हे बोलणे ओळखीचे वाटेल. दोन्हींची अधिष्ठाने निराळी आहेत, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तथापि माणसाच्या वागणुकीविषयी दोघांचे बोलणे पुष्कळ ठिकाणी जवळ येते.

झीनोचे मूळ लेखन आज तुकड्यांखेरीज उरलेले नाही. पूर्ण रूपात जे पोहोचले ते मुख्यतः तीन रोमनकालीन स्टोइकांचे. सेनेका हा श्रीमंत मुत्सद्दी, एपिक्टेटस हा गुलाम म्हणून वाढलेला व पायाने अधू असलेला शिक्षक, आणि मार्कस ऑरेलियस हा प्रत्यक्ष सम्राट. एपिक्टेटसने स्वतः काही लिहिले नाही. त्याचा शिष्य एरियन, म्हणजे ज्याने पुढे अलेक्झांडरचा इतिहास लिहिला तोच, गुरूची प्रवचने टिपून घेत असे. त्याच्या आठ भागांपैकी चार उरले. मार्कसने तर प्रसिद्धीसाठी नव्हे, स्वतःला बजावण्यासाठी टिपणे लिहिली, आणि त्यांतील काही लष्करी छावणीत लिहिली.

मार्कसच्या या टिपणांची कथा संग्राहकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती प्रथम छापली गेली १५५९ साली झुरिक येथे. ज्या हस्तलिखितावरून ती छापली, ते पुढे नाहीसे झाले. संपूर्ण मजकूर असलेले दुसरे एकच हस्तलिखित व्हॅटिकनमध्ये टिकले. म्हणजे जे हस्तलिखित हरवले, त्याचा साक्षीदार आज तो छापील ग्रंथच आहे. जुनी आवृत्ती ही नुसती शोभेची वस्तू नसते, ती कधी कधी पुरावा असते, हे यावरून कळते.

पुढे या ग्रंथांच्या अनेक नामांकित आवृत्त्या झाल्या. अँटवर्प येथील प्लांटिनच्या छापखान्यातून लिप्सियस या पंडिताने संपादिलेला सेनेका १६०५ साली निघाला. मार्कसचे इंग्रजी भाषांतर मेरिक कॅसॉबन याने १६३४ साली केले. एलिझाबेथ कार्टर या विदुषीने १७५८ साली एपिक्टेटसच्या उपलब्ध सर्व लेखनाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यासाठी आगाऊ वर्गणीदार मिळविले होते. आपल्याकडील जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभी आश्रयदात्यांची यादी असते, तशीच ही पद्धत. १९१२ पासून लोएब मालेतील लहानशा पुस्तकांनी मूळ मजकूर व समोर भाषांतर अशी सोय केली. ग्रीक ग्रंथांना हिरवे वेष्टन, लॅटिन ग्रंथांना तांबडे. आपल्यासारख्या विद्यार्थ्याच्या आटोक्यातली हीच आवृत्ती.

आपले फडताळ

आता आपल्याकडे वळू. छापील गीतेचा महाराष्ट्रातील इतिहास १८०५ सालापर्यंत मागे जातो. मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने त्या वर्षी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. सुटे खिळे जुळवून छापण्याची कला मराठी मुलखात रुळण्यापूर्वीची ही गोष्ट. त्याआधी वीस वर्षे, १७८५ साली, चार्ल्स विल्किन्सचे इंग्रजी भाषांतर लंडनला निघाले होते. काशीनाथ त्र्यंबक तेलंगांचे इंग्रजी भाषांतर मॅक्सम्युलरच्या ‘पवित्र ग्रंथ’ मालेत आठवा खंड म्हणून १८८२ साली आले. हे ग्रंथ आपल्या हाती सहसा लागणार नाहीत, परंतु त्यांची नावे ठाऊक असावीत.

यापुढील ग्रंथ मात्र आपल्या घरांत सापडू शकतात. गंमत अशी, की त्यांतील मोठ्या ग्रंथांचा जन्म तुरुंगात झाला आहे. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१४ साली त्यांची सुटका झाली आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. कांट, मिल्ल, स्पेन्सर, ग्रीन या पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांचा ऊहापोह मराठीत त्यांनी ज्या तोलाने केला, त्याचे वाचन आजही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला टाळता येणार नाही. गांधीजींचा ‘अनासक्तियोग’ मूळ गुजरातीत १९३० साली प्रसिद्ध झाला.

आणि मग आपला जिल्हा. विनोबा १९२१ साली वर्ध्यास आले. मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळत नव्हती आणि समजेल अशी मराठी गीता हवी होती. ती तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले होते, ही आठवण सर्वश्रुत आहे. आईच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी वर्ध्यास ‘गीताई’ लिहावयास घेतली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये ती पूर्ण केली. १९३२ साली ती छापली गेली. त्याच वर्षी विनोबा धुळे येथील तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवारी त्यांनी अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. श्रोत्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती उतरून घेतली नसती, तर ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला मिळाला नसता. एपिक्टेटसला एरियन भेटला, तसे विनोबांना साने गुरुजी भेटले. पुढे १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात विनोबांनी केवळ स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर व्याख्याने दिली. तीच ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ या नावाने पुस्तकरूप झाली. हेच दुसऱ्या अध्यायातील शेवटचे १९ श्लोक सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत म्हटले जात.

सेवाग्राम, पवनार, गोपुरी ही स्थाने आपल्याला नेहमीची झाल्यामुळे त्यांचे महत्त्व कधी कधी जाणवत नाही. १९८० साली गोपुरीला गीताई मंदिर उभे राहिले. तेथे मूर्ती नाही, छप्पर नाही, उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. ग्रंथाला ग्रंथ म्हणूनच मंदिर मिळावे, असे उदाहरण विरळा. परंतु शिळेवर कोरलेला मजकूर टिकला, म्हणून कागदावरच्या पहिल्या आवृत्त्या टिकल्या असे होत नाही.

स्वस्त पुस्तक दुर्मिळ का होते ?

येथे संग्रहशास्त्रातील एक उलटा नियम सांगावयास हवा. महाग ग्रंथ टिकतो, स्वस्त ग्रंथ नाहीसा होतो. चामड्यात बांधलेला सेनेका श्रीमंताच्या कपाटात गेला व बहुधा न वाचता तेथेच राहिला, म्हणून आजही नवा दिसतो. गीताईचे तसे नाही. गरिबाला परवडावी म्हणून ती अल्प किमतीत, खिशात मावेल अशा आकारात छापली गेली. लाखो प्रती निघाल्या. लोकांनी त्या रोज हाताळल्या, तेलकट बोटांनी पाने उलटली, शाळेतल्या मुलांनी पाठ केल्या आणि पुस्तक फाटले की दुसरे घेतले. वाचल्यामुळेच ती पुस्तके संपली. त्यामुळे सुरुवातीच्या आवृत्तीची धड प्रत मिळणे, सोनेरी कण्याच्या एखाद्या इंग्रजी ग्रंथापेक्षा अवघड होऊन बसते.

शिवाय विनोबा गीताईतील शब्द पुढेही तपाशीत राहिले आणि पाठात सुधारणा करीत गेले. त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या, तर एखाद्या चरणातील शब्द बदललेला आढळतो. तो का बदलला असेल, हा मराठीच्या विद्यार्थ्याला उत्तम अभ्यासविषय आहे. पहिली आवृत्ती नसेल तर हा अभ्यास कसा व्हावयाचा ?

बांधणी : काय पाहावे

आपल्याकडील मूळ ग्रंथरूप पोथीचे. सुटी आडवी पाने, खालीवर लाकडी फळ्या आणि भोवती रुमाल. छापखाने आल्यावरही काही काळ छापील ग्रंथ पोथीच्याच आकारात निघत. पाने शिवून पुठ्ठा लावण्याची पद्धत नंतर रुळली.

चांगली बांधणी वरच्या चकाकीवरून ओळखू नये. पुस्तक हळूच उघडून कण्याकडे पाहावे. छापलेला मोठा कागद घडी घालून त्याचा फर्मा होतो, बहुधा सोळा पानांचा. प्रत्येक फर्मा घडीच्या मधोमध दोऱ्याने शिवून पुढच्याशी जोडला असेल, तर ती जुजबंदी शिलाई. असे पुस्तक उघडून मेजावर ठेवले की सपाट राहते व पुष्कळ वर्षे टिकते. कडेने सुई आरपार घालून शिवलेले पुस्तक पूर्ण उघडत नाही, आणि जोराने उघडल्यास पाने आतल्या बाजूने फाटतात. नुसत्या सरसाने चिकटविलेल्या पुस्तकाची पाने तर आपल्या वैशाखात एकेक करून हाती येतात.

पुठ्ठ्यावर काय मढविले आहे, ते नंतर पाहावे. संपूर्ण चामडे, कण्याला व कोपऱ्यांना चामडे आणि बाकी कापड किंवा कागद, संपूर्ण कापड, असे प्रकार असतात. गीतेला चामडे नको, असे मानणारी घरे पुष्कळ. वर्ध्यात चामड्याच्या प्रश्नाचा विचारही झालेला आहे. १९३० च्या दशकात नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. तेथे आपोआप मेलेल्या जनावरांचेच कातडे कमावीत. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे काम चालविले. चिंध्यांपासून केलेला चांगला हातकागद लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदासारखा लवकर पिवळा पडून ठिसूळ होत नाही. जुने पुस्तक हाती आल्यास त्याचा कागद उजेडासमोर धरून पाहावा. धागे आणि असमान जाडी दिसली तर पुस्तकात हातकागद असण्याचा संभव असतो.

आवृत्ती कशी ओळखावी

पुष्कळ जुन्या पुस्तकांचे मुखपृष्ठ गेलेले असते, किंवा त्यावर इसवी सन नसतो. अशा वेळी पुढील खुणा उपयोगी पडतात.

शक दिला असल्यास त्यात ७८ मिळवावेत. जानेवारी ते चैत्रारंभ या काळातील पुस्तक असेल तर ७९. संवत असल्यास ५७ वजा करावेत. किंमत रुपये-आणे-पै अशी असेल, तर पुस्तक १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होण्यापूर्वीचे, किंवा फार तर त्या संक्रमणकाळातले. ‘नये पैसे’ असे असेल, तर १९५७ ते १९६४ या काळातले, कारण त्यानंतर ‘नये’ हा शब्द गेला. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द निराळे वाचावेत. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात सहसा नसतो. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे व छपाईच्या ठिकाणाचे नाव, आणि प्रकाशित पुस्तकावर प्रकाशकाचे नाव, छापणे सक्तीचे झाले. म्हणून मुखपृष्ठ हरवले तरी त्याच्या मागचे किंवा शेवटचे पान तपासावे. छापखाना कळला की काळाचा अंदाज येतो.

आणखी एक खूण पुस्तकविक्रेते डाग म्हणून धरतात, परंतु आपल्यासाठी ती मोलाची आहे. ती म्हणजे मालकाचे हस्ताक्षर. ‘चि. अमुक यास व्रतबंधानिमित्त’, ‘तुरुंगात वाचले’, ‘पदयात्रेत मिळाले’, अशा दोन ओळी पुस्तकाला या मातीशी जोडतात. त्या खोडू नयेत.

एक शिक्का मात्र सावधपणे पाहावा. ग्रंथालयाचा शिक्का असून ‘रद्द’ अशी नोंद नसेल, तर ते पुस्तक विकत घेऊ नये, त्या ग्रंथालयाला कळवावे. समबुद्धीचा ग्रंथ चोरीच्या मार्गाने आपल्या कपाटात येणे बरे नव्हे.

जतन : वर्ध्याच्या हवेत

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जूननंतर भिंतींना ओल येते. उन्हाळ्यात सरस तडकतो, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि वाळवी व कसर यांना ऋतूचे बंधन नाही. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. पुस्तके कडक उन्हात वाळवू नयेत, सावलीत वारा द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्यास आतली ओल आतच राहते, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळणे चांगले. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. पातळ कागद व खळ पुरते. खळीत किंचित मोरचूद घालण्याची जुन्या बांधणीकारांची रीत किडीसाठीच होती. मात्र ते विषारी असते, ते त्यांच्याच हाती राहू द्यावे.

पुस्तक नव्याने बांधावयास दिले, तर बांधणाऱ्याला दोन गोष्टी आधी सांगाव्यात : मूळ वेष्टन टाकू नका आणि कडा कापू नका. गुळगुळीत कडांच्या हौसेत समासातील टिपणे व कधी कधी छापील अक्षरेही कापली जातात. जुन्या मराठी पुस्तकांचे किती तरी नुकसान वाळवीने केले, त्याच्या जोडीला ‘नवे करून द्या’ या सूचनेनेही केले आहे.

मोह आणि विवेक

आता मूळ प्रश्न. अनासक्तीचे ग्रंथ आसक्तीने जमवावेत काय ? स्टोइकांनी हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला होता. मनाच्या शांतीवरील आपल्या निबंधात सेनेकाने मौल्यवान लाकडाची व हस्तिदंती कपाटे करून न वाचलेल्या ग्रंथांनी ती भरणाऱ्या लोकांची चांगलीच हजेरी घेतली आहे. एपिक्टेटसचा लोखंडी दिवा चोरीला गेला, तेव्हा त्याने मातीचा दिवा आणला. उद्या तोही गेला तरी हरकत नाही, असा त्यामागचा विचार. पण त्याच्या मृत्यूनंतर तोच मातीचा दिवा कोणी तीन हजार द्राक्मांना विकत घेतला, आपल्यालाही त्या उजेडात शहाणपण येईल या आशेने ! ही गोष्ट ल्युसियनने अडाणी ग्रंथसंग्राहकाची टवाळी करताना सांगितली आहे. अठराशे वर्षांपूर्वीची ही थट्टा आजही शिळी झालेली नाही.

यावरून संग्रह करूच नये, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. एरियनने टिपणे जपली नसती, तर एपिक्टेटस आज जवळजवळ नावापुरताच उरला असता. साने गुरुजींनी वह्या लिहिल्या नसत्या, तर धुळ्याचे अठरा रविवार हवेत विरले असते. ग्रंथ जपणे हे कर्तव्यकर्म होऊ शकते. फरक पडतो तो हेतूने. मिरवण्यासाठी ठेवलेले पुस्तक कुलपात राहते, आणि पुढच्यासाठी सांभाळलेले पुस्तक मागितल्यावर दाखविता येते. आपल्या संग्रहाची परीक्षा घ्यावयाची असेल, तर एवढेच विचारावे, की हे पुस्तक उद्या योग्य ग्रंथालयाला देण्याची वेळ आली तर हात आखडेल काय ?

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव येथील जुनी घरे पडत आहेत, वाडे विकले जात आहेत. आजोबांची पेटी उघडली की भांडी वाटली जातात, दागिने वाटले जातात आणि पुस्तके किलोवर जातात. रद्दीवाल्याचा दोष नाही, तो तराजू घेऊनच आलेला असतो. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्या वेळी अर्धा तास दिला, तर पुष्कळ काही वाचेल.

म्हणून आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना एक सूचना करावीशी वाटते. या दिवाळीच्या सुटीत आपापल्या घरातील आणि नातेवाइकांकडील जुनी गीताई, गीता प्रवचने, गीतारहस्य, ज्ञानेश्वरी शोधावी. पुस्तक उचलून आणू नये, त्याची नोंद तेवढी आणावी : नाव, आवृत्ती, साल किंवा शक, मुद्रक, किंमत, बांधणी, आणि आतील हस्ताक्षर असल्यास ते. प्राध्यापकांनी या नोंदी तपासून ग्रंथालयात एक वही ठेवावी. खर्च एका वहीचा. पाच-सात वर्षांत या जिल्ह्यात स्थितप्रज्ञाचे कोणते ग्रंथ कोणाच्या घरी, कोणत्या स्थितीत आहेत, हे सांगणारी सूची तयार होईल. आणि एखाद्या घरात पेटी उघडण्याची वेळ आली, तर तराजू येण्याआधी कोणाला निरोप धाडावयाचा, हे त्या घराला ठाऊक असेल.